सगळी माकडं सारखीच हुशार का नाहीत?

कूळ एकच, तर चिंपांझी एवढा डोकेबाज आणि बाकी माकडं मागे का राहिली, असं विचारलंय. भाऊ, मी काही प्राणीशास्त्रवाला नाही, यावलकडे केळीचं शेत आहे आणि वानरांचा ताप लहानपणापासून पाहतोय, म्हणून यावर सापडेल ते वाचत असतो.

माझ्या मते पहिलं कारण पोट. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावर कॅथरीन मिल्टन या संशोधक बाईंनी हाउलर आणि स्पायडर अशी दोन माकडं अभ्यासली. जंगल एकच, वजन जवळपास सारखं, पण हाउलरचा मेंदू साधारण ५० ग्रॅम आणि स्पायडरचा १०७! हाउलर पाला जास्त खातो, तो हात लांबवला की मिळतो, फक्त पचायला वेळ लागतो मग खाऊन पडून राहायचं. स्पायडरला पिकलेली फळं लागतात आणि फळाचं कसं, आपलं उंबरच घ्या ना, एक झाड आज लदलेलं तर पलीकडच्या नाल्यावरचं पुढच्या महिन्यात, उशिरा गेलं तर पाखरांनी साफ केलेलं, म्हणजे कुठलं झाड कधी पिकतं हे सगळं डोक्यात ठेवायचं. शिवाय मेंदू पोसणं महाग, माणसाचा वजनाच्या २ टक्के पण खातो २० टक्के ऊर्जा, निव्वळ पाल्यावर तो खर्च निघणं अवघड.

दुसरं मत रॉबिन डनबार या संशोधकाचं, १९९२ चं. टोळी मोठी तर कोण कोणाच्या बाजूचं हे सांभाळायला मेंदूही मोठा. भाऊबंदकी पाहिलेल्याला हे लगेच पटेल. पण ओरँगउटान, चिंपांझीसारखाच मोठा बिनशेपटीचा, बहुतेक एकटाच फिरतो तरी हुशार, मग? २०१७ मध्ये माकडांच्या कुळातल्या १४० हून जास्त जाती तपासल्या तेव्हा टोळीपेक्षा आहाराचाच संबंध जास्त निघाला, फळं खाणाऱ्यांचा मेंदू पाला खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्के मोठा. आता फळांमुळे मेंदू वाढला की मेंदू होता म्हणून फळं सापडली, हे नुसत्या आकड्यांवरून कसं कळणार.

आणि मागे राहिली म्हणू नका. आपलं काळ्या तोंडाचं वानर कप्प्याकप्प्यांच्या पोटावर उन्हाळ्यात सुद्धा पाल्यावर निभावतं, चिंपांझीला तसलं पोटच नाही. मठ्ठ तर अजिबात नाही, आमच्या केळीत फटाक्याला चार दिवस बिचकले, आता आवाज झाला की नुसती मान वळवतात.