गठ्ठा दिवाणाखाली जातो तेव्हा

प्रश्न : मॅडम, मी ३९ वर्षांची आहे. मानेवाड्याला राहते, माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवते. माझ्या दहा वर्षांच्या मुलाला मार्चमध्ये एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, चंचलपणा फार, अशी मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था) निदान झालं. डॉक्टर त्याच्याबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या आणि मला वाटत होतं, या माझ्याबद्दलच विचारताहेत. वर्गात शिकवताना मला काही अडचण येत नाही. पण पेपर तपासणं, कॅटलॉग भरणं, निकालपत्रकं हे सगळं अंगावर येतं. यंदा आठवीच्या ९४ उत्तरपत्रिकांचा गठ्ठा तीन आठवडे दिवाणाखाली पडून होता. शेवटी २९ एप्रिलला रात्रभर जागून तपासला. गॅसवरचं दूध विसरते, कूलरमध्ये पाणी भरायचं विसरते. सासूबाई म्हणतात, "काय करून राहिली तू बाई? ध्यान कुठं राहते तुझं?" एक ऑनलाइन कोच सहा महिन्यांचं पॅकेज घ्या म्हणून मागे लागली आहे. गोळ्यांची गरजच पडणार नाही म्हणते. हे कोचिंग म्हणजे नक्की काय असतं? या वयात उपयोग होतो का? की मी नुसती आळशी आहे?
— एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र समोर ठेवूनच लिहिते आहे. पहिलं पान निळ्या शाईत आहे, वर तारीख ११ मे. दुसरं पान काळ्या शाईत, तारीख १९ जून. मधले पाच आठवडे हे पत्रही बहुतेक दिवाणाखालीच होतं.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. आळशी माणूस रात्रभर बसून ९४ पेपर तपासत नाही. आळशी माणसाला त्या तीन आठवड्यांत झोप लागते. तुम्हाला लागली नसणार.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझा मोठा भाऊ बी.एस्सी.ला होता. प्रॅक्टिकल तो सगळ्यांच्या आधी उरकायचा, बाकीची मुलं त्याची रीडिंग्ज उतरवून घ्यायची. जर्नल मात्र त्याचं कधीच पूर्ण झालं नाही. कॉलेजने त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. ज्यांनी त्याच्या वहीतून उतरवलं ते पास झाले. बाबांनी त्याला काय काय ऐकवलं ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, आणि मीही बाबांच्याच बाजूने होते, याचं आजही वाईट वाटतं. एडीएचडी हा शब्द आमच्या महाल भागातल्या त्या घरात कोणी ऐकलाच नव्हता.

काय करायचं हे दादाला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. रसेल बार्कले हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं हेच समजावत आले आहेत : एडीएचडीत ज्ञान कमी पडत नाही, जे माहीत आहे ते त्या घटकेला हातून होत नाही. मेंदूत एक मुकादम असतो असं समजा. काम सुरू करून देणं, मधली पायरी लक्षात ठेवणं, वेळेचा अंदाज घेणं, कंटाळा आला तरी कामात टिकवून धरणं ही त्याची कामं. यालाच एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. तुमच्याकडे मजूर तगडे आहेत, मुकादम वेळेवर येत नाही. आग लागली की मात्र धावत येतो. २९ एप्रिलच्या रात्री आला तसा.

पण ताई, निदान मी पत्रावरून करणार नाही, आणि तुम्हीही स्वतःचं स्वतः करू नका. शंका रास्त आहे. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा बराच मोठा, ७० ते ८० टक्क्यांच्या घरात सापडतो, त्यामुळे मुलाच्या तपासणीत आईला किंवा वडिलांना स्वतःची ओळख पटणं मी नेहमी पाहते. त्यात मुली पूर्वी सुटूनच जायच्या. दंगा करणारा मुलगा सगळ्यांच्या डोळ्यांत भरतो, खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी "शांत आहे हो" म्हणून पुढच्या वर्गात जाते. डॉक्टर तुम्हाला बारा वर्षांच्या आतलं बालपण विचारतील. २०१३ सालच्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकी निकषग्रंथाप्रमाणे काही लक्षणं तेव्हापासूनची असावी लागतात, आणि घर, नोकरी अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोप न होणं, उदासी यांनीही असंच विसराळूपण येतं, म्हणून तेही तपासतात. मेडिकल, मेयो किंवा मिहानमधलं एम्स, या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. जाताना जुन्या प्रगतिपुस्तकांवरचे शेरे न्या. "हुशार आहे पण लक्ष देत नाही" ही एक ओळ डॉक्टरांना पुष्कळ सांगून जाते.

आता कोचिंग. आपल्या नागपुरात कोचिंग म्हटलं की जेईई-नीटचे क्लास आठवतात, त्यामुळे लोकांना वाटतं इथेही कोणी काहीतरी शिकवणार. शिकवायचं फारसं नसतंच. तुमचा कूलरच घ्या. ४५ डिग्रीच्या दुपारी टाकी कोरडी पडते आणि वाळल्या गवताचा गरम वारा घरात येतो. यावर "लक्षात ठेवत जा" हा सल्ला तुम्हाला हजारदा मिळाला असेल. पहिली युक्ती अशी : चहाचं आधण ठेवलं, की लगेच कूलरचा पाइप सोडायचा. "अमुक झालं की तमुक करायचं" अशी गाठ बांधून ठेवली तर काम होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं आहे. पण तुम्ही पाइप बंद करायला विसराल आणि हॉलमध्ये तळं होईल. माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंच्या घरी नेमकं हेच झालं. त्यावर उपाय दादाने सांगितला. तो आता सक्करदऱ्याला मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतो. म्हणाला, "तिच्या डोक्याच्या मागे काहून लागून राहिली? टाकीत फ्लोट बसवून दे." फ्लोट बसवला. टाकी भरली की पाणी आपोआप बंद. त्या बाईंचं विसरणं तसंच आहे, पण कूलर चालू असतो.

मला कोचिंगचं मर्म त्या फ्लोटमध्ये दिसतं. मदत कानात सांगून भागत नाही. जिथे काम अडतं त्या जागी, त्या वेळी ती हजर पाहिजे. ब्रिटनमधल्या नाइस या, उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही मोठ्यांसाठी हाच क्रम आहे : आधी भोवतालची व्यवस्था बदलून बघा, तरीही त्रास मोठा राहिला तर औषध द्या. औषधाला मी कमी लेखत नाही. ते लागू पडलेल्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. मुकादम वेळेवर येऊ लागतो, एवढं ते करतं. गठ्ठा कुठे ठेवायचा हे मात्र गोळी सांगत नाही.

तर गठ्ठ्याकडे येऊ. तो दिवाणाखाली जातो कारण बघवत नाही, आणि दिसेनासा झाला की तुमच्यापुरता नाहीसा होतो. म्हणून पुढच्या घटक चाचणीचा गठ्ठा घरी आणूच नका. शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्येच दोरी सोडा. एखाद्या मैत्रीण-शिक्षिकेला म्हणा, तू तुझे तपास, मी माझे तपासते. तिने मदत करायची नाही, बोलायचंही नाही, फक्त शेजारी बसायचं. असं सोबत कोणी असलं की आमच्याकडच्या कितीतरी जणांचं काम सुरू होतं. सगळ्या पेपरांमधला फक्त पहिला प्रश्न आधी तपासा. समोर काट्यांचं घड्याळ ठेवा. मोबाइलवरचे आकडे वेळ सांगतात, काटा वेळ सरकताना दाखवतो. पंचवीस मिनिटांनी उठा, पाणी प्या. दहा पेपर झाले तरी त्या दिवसापुरतं पुरे.

चांगली कोच हेच करते. कुठे अडलं, किती वाजता, तेव्हा हातात काय होतं, असं खोदून विचारते, एक बदल ठरवते आणि गुरुवारी फोन करून विचारते की तो चालला का. नाही चालला तर तुम्हाला बोल लावत नाही, व्यवस्था बदलते. तुमच्या त्या ऑनलाइन बाईंना नाही म्हणा. तुम्हाला न तपासता गोळी लागणार नाही असं सांगणं हे कोचचं कामच नाही. आपल्या देशात कोच म्हणून पाटी लावायला नोंदणी लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती विचारायचा तुम्हाला हक्क आहे. दुसरी कोणी कोच सापडली तर आधी चार बैठकींचेच पैसे द्या, मग ठरवा. पैशाची अडचण असेल तर आधी सरकारी ओपीडी. आणि एखाद्या रात्री फार खचल्यासारखं झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

सासूबाईंना हे पत्र वाचायला द्या. मुलाच्या खोलीतही काट्यांचं घड्याळ लावा, त्याच्याबरोबर तुम्हीही बघा.

दादाच्या दुकानात प्रत्येक मोटरीला गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली असते आणि दारातल्या पाटीवर वहिनी रोज सकाळी खडूने तीनच कामं लिहिते. चौथं लिहू देत नाही.

चाचणीच्या पहिल्या दहा पेपरांचं काय झालं ते मला कळवा. पत्र अर्धंच लिहून झालं तर अर्धंच पाठवा.