टर्की ओरडतो, पण जवळ का येत नाही?

प्रश्न: मी अमेरिकेत असतो, यंदा वसंतात मित्राबरोबर पहिल्यांदाच रानटी टर्की पक्ष्याच्या शिकारीला गेलो. उजाडताना झाडावरून नर ओरडला, मित्राने मादीचा आवाज काढला की तो दरवेळी उत्तर द्यायचा, पण शेवटपर्यंत लांबच थांबला आणि मग निघून गेला. आमचं काय चुकलं?

उत्तर: टर्कीत रीतच अशी आहे की नर ओरडतो, पिसारा फुलवून उभा राहतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. तुम्ही मादीचा आवाज काढून त्यालाच यायला सांगताय, म्हणजे सगळं उलटं, म्हणून तो आपल्या जागी उभा राहून 'ही का येत नाही' अशी वाट बघतो. त्यात त्याची नजर भयंकर तेज, रंगही छान दिसतात, आवाज जिथून आला तिथे मादी दिसली नाही की संशय आलाच. पुढच्या वेळी चढाच्या किंवा वळणाच्या आड बसा, म्हणजे बघायचं तर त्याला जवळ यावंच लागेल, आणि त्याने उत्तर दिलं की तुम्ही गप्प बसा, सारखं बोलवत राहू नका. सीझनच्या शेवटी पण जाऊन बघा, तेव्हा बऱ्याच माद्या अंड्यांवर बसलेल्या असतात (साधारण 28 दिवस) आणि एकटे पडलेले नर जास्त पटकन येतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, लाल, पांढरं, निळं काहीही घालू नका, अगदी मोजे नि रुमालसुद्धा, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच असतात, दुसरा शिकारी तुम्हालाच टर्की समजेल. आणि आवाजाच्या मागे दबकत जाऊ नका, तो दुसऱ्या शिकाऱ्याचा असू शकतो, माणसं अशीच जखमी होतात.

प्रश्न: हा पक्षी संपत आला होता हे खरं का?

उत्तर: हो, जंगलतोड आणि बेसुमार शिकार, त्यामुळे 1930च्या दशकापर्यंत कित्येक राज्यांतून गायबच झाला होता. मग 1937च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या टॅक्सचा पैसा वन्यजीवांसाठी मिळायला लागला. आधी पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून बघितले, पण आईने काही शिकवलेलंच नाही, ते रानात टिकले नाहीत. 1950च्या दशकात तोफेने उडवायची जाळी वापरून रानटी थवेच पकडायला लागले, ते नेऊन दुसरीकडे सोडले, आणि ते मात्र रुजले. तुम्हाला उत्तर देणारा तो नर कदाचित त्यांच्यातल्याच कुणाचा वंशज असेल.