मागच्या दारानं रानात जाणाऱ्या आक्का

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेले काही महिने एकच वाक्य वेगवेगळ्या बायकांच्या तोंडून ऐकते आहे. "मॅडम, पैसे यायचे बंद झाले. आता काय व्हायचं?" बहुतेकींचे लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये असतात, एखादीची संजय गांधी निराधारची पेन्शन असते. एवढ्या रकमेसाठी झोप उडते याचं काहींना नवल वाटतं. मला वाटत नाही. सातबाऱ्यावर नाव नाही, घर नवऱ्याच्या नावावर, अशा बाईच्या खात्यात दरमहा तिच्या नावानं येणारे हे आयुष्यातले पहिले पैसे असतात.

त्यातल्याच एका आक्कांची गोष्ट, ओळख पटेल असे तपशील बदलून आणि त्यांना विचारून, इथं सांगते.

आक्का हुपरीच्या बाजूच्या एका गावातल्या, पन्नाशीच्या. घरी बसून पैंजणाच्या साखळ्या जोडायचं काम करतात. लेक नर्सिंगला आहे, तीच घेऊन आली. म्हणाली, "आई धड जेवत नाही. आणि अंगणवाडीच्या बाई दारात आल्या की मागच्या दारानं रानात जाते. दोनदा झालं असं."

"आक्का, का जाता?"

"त्या चौकशीला येत्यात. मी खोटी माहिती दिलो म्हणून पैसे बंद झाल्यात. आता सगळं वसूल करणार म्हणं. अठरा हप्तं झालं. सत्तावीस हजार मी कुठनं आणू?"

कॅलेंडरच्या मागं त्यांनी हिशेब मांडून ठेवला होता. आकडा बरोबर होता.

"वसूल करणार हे कोण म्हणालं?"

"समदी म्हणत्यात."

"समद्यांतलं एक नाव सांगा."

बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "गिरणीत दळाप टाकायला गेल्तो. तिथं बोलत हुत्या."

"कागद आला? कुणाचा फोन?"

"न्हाई."

मी ज्या विचारपरंपरेत शिकले, तिथं असं मानतात की घटना माणसाला दुखावते आणि तिचा आपण लावलेला अर्थ माणसाला छळतो. वीस वर्षांच्या कामानंतरही मला हे पटतं. पण एक काळजी मी नेहमी घेते. पैसे थांबल्याचं दुःख खरं आहे, त्याला कुणी 'नकारात्मक विचार' म्हटलेलं मला चालत नाही. आक्कांनी त्या पैशांच्या भरवशावर लेकीच्या फीसाठी बचत गटातून कर्ज उचललं होतं आणि दर महिन्याला हजाराचा हप्ता द्यायचा होता. ही अडचण होती. 'मी खोटी ठरले' हा मात्र त्यांनी स्वतःच स्वतःवर लावलेला निकाल होता, आणि झोप त्यानंच उडवली होती.

दुसऱ्या भेटीत मी त्यांना एवढंच विचारलं की पैसे थांबल्यापासून आणखी काय काय थांबलंय. त्या बोटांवर मोजत सांगू लागल्या. गटाच्या मीटिंगला जाणं थांबलं. बँकेत पासबुक भरायला जाणं थांबलं. दार उघडणं थांबलं. मी कागदावर लिहीत गेले आणि मलाच काहीतरी लख्ख दिसलं. सरकारकडून एक गोष्ट थांबली होती, आणि आक्कांनी आपल्या हातानं तीन थांबवल्या होत्या. त्या तिन्ही सुरू करायला कुणाच्या मंजुरीची गरज नव्हती. तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते.

खरी गाठ सुटली तिसऱ्या भेटीत. लाडकी बहीण योजनेत सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन पडताळणी, सक्तीची झाली. त्यात कुटुंबातल्या सरकारी नोकरीबद्दल एक प्रश्न होता आणि त्याची मांडणी नकारार्थी होती. कितीतरी बायकांच्या अर्जात तिथंच चुकीचा पर्याय गेला. पुढं अंगणवाडी सेविकांमार्फत घरोघरी पडताळणी सुरू झाली, त्यामागचं एक मोठं कारण हेच. हे मला इतरजणींकडून कळलं होतं. म्हणून मी आक्कांना म्हटलं, "ई-केवायसीला केंद्रावर गेलात तेव्हा काय झालं ते करून दाखवा. मी तिथला पोरगा, तुम्ही तुम्हीच."

"त्यो इचारला, घरात कोण सरकारी नोकरीत हाय काय? मी म्हटलो, न्हाई."

"आणि त्यानं?"

"न्हाई दाबला."

"आता पडद्यावर काय लिहिलं असेल ते मी वाचते. 'माझ्या कुटुंबातलं कुणीही कायम सरकारी नोकरीत नाही.' होय की नाही?"

आक्का ओठ हलवून वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी मान वर केली.

"म्हंजे हितं 'होय' दाबाय पायजे हुतं. मी खरंच बोलल्तो, मॅडम."

"हो आक्का."

"मी खरंच बोलल्तो," त्या पुन्हा म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. लेकही रडली. त्या दुपारी आक्कांना पैशांची आठवण एकदाही झाली नाही.

तुमच्या घरात असं घडलं असेल तर पहिल्यांदा पासबुक भरून आणा. हे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. कागलच्या एका वहिनींचे 'बंद पडलेले' हप्ते त्यांनी कधीच्या काळी उघडून विसरलेल्या खात्यात नीट जमा होत होते, आणि इकडे घरात सासूवर संशय. तिथं पैसे नसतील तर ई-केवायसीची स्थिती पाहा, १८१ या हेल्पलाइनवर विचारा, आणि सेविकाताई आल्या तर त्यांना आत बोलवून चहा ठेवा. रेशन कार्ड, आधार, पासबुक एका पिशवीत तयार असू द्या. त्या तुमचं म्हणणं नोंदवून घ्यायला आलेल्या असतात. दार बंद असेल तर पत्रकावर तुमच्या बाजूनं काय लिहिणार?

कार्यालयात जाल तेव्हा तोंडी सांगून परत येऊ नका. साधा अर्ज लिहा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. एक वही ठेवा: तारीख, कुणाला भेटलो, काय म्हणाले. ही वही मी औषधासारखी देते. रात्री मनात घोळणारी गोष्ट कागदावर उतरली की तिचा आकार लहान होतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. 'हजार द्या, नाव चालू करून देतो' म्हणणाऱ्याला मात्र मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा नाही, तो भाऊबंद असला तरी.

आणि पडताळणीत खरोखर अपात्र ठरलात तर? वयाची ६५ वर्षं उलटली, वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर गेलं, घरात चारचाकी आली, तर नियमानं लाभ थांबतो. तेव्हा घरात एकमेकांवर खापर फोडू नका. महिन्याचा हिशेब सगळ्यांनी एकत्र बसून नव्यानं मांडा, बाईला एकटीला त्या खड्ड्याकडे बघत बसवू नका.

आक्कांनी पुढं सेविकाताईंना स्वतः निरोप धाडला. दुरुस्तीचा फॉर्म भरला, सही केली. गटात उभं राहून हप्त्याला दोन महिन्यांची सवलत मागितली. अध्यक्षीण बाईंनी दिली. गटातल्या आणखी चौघींचं तेच रडगाणं होतं, हे आक्कांना तिथं कळलं.

पाचव्या भेटीला त्या एकट्याच आल्या. पैसे अजून आले नव्हते. वही दाखवली, चार पानं भरली होती, शेवटचं पान शेजारणीच्या अर्जाचं होतं. पुढच्या मंगळवारची वेळ देऊ लागले तर वही पिशवीत घालत म्हणाल्या, "मंगळवारी नको मॅडम. त्या दिवशी गटाची मीटिंग हाय."