फोटोतला नेमका कोणता भाग बदललाय, हे दाखवणारं सॉफ्टवेअर आहे का?

आहे, आणि फुकटही आहे. पण फोटो टाकला की खोटा भाग आपोआप लाल होईल, अशी खात्री एकही सॉफ्टवेअर देत नाही.

फोटो व्हॉट्सॲपवर आला असेल तर आधी मूळ फाइल मागवा, डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवलेला फोटो लहान होतो, पुन्हा कॉम्प्रेस होतो, आणि ज्या बारीक खुणांवर ही सगळी तपासणी चालते त्यातल्या बऱ्याचशा तिथेच पुसल्या जातात.

सुरुवातीला मी फोरेन्सिकली ही फोटो तपासायची वेबसाइट वापरतो. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठल्या सर्व्हरवर जात नाही. खासगी फोटोंसाठी मला हे फार महत्त्वाचं वाटतं. त्यातलं क्लोन डिटेक्शन फोटोचाच तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवलाय का ते शोधतं. गर्दी वाढवणं, डाग झाकणं यासाठी हीच युक्ती वापरतात. मात्र कोरं आकाश किंवा एकसारख्या खिडक्या असल्या की तिथे ते उगाचच खुणा करतं.

लोक सर्वाधिक फसतात ते एरर लेव्हल ॲनालिसिसमध्ये, म्हणजे ईएलएमध्ये. यात फोटो ठरावीक दर्जाच्या जेपेगमध्ये पुन्हा सेव्ह करून दोन्हींतला फरक दाखवतात. बाहेरून आणलेल्या भागाचं कॉम्प्रेशन वेगळं झालेलं असेल तर तो उठून दिसू शकतो. पण ठळक कडा, अक्षरं, बारीक नक्षी हे खऱ्या फोटोतही चमकतंच! म्हणून कडेची तुलना कडेशी करा, सपाट भागाची सपाट भागाशी. चेहरा चमकतोय आणि भिंत काळी दिसतेय, एवढ्यावरून कुणालाही खोटं ठरवू नका. असे आरोप पाहिले की मला खरंच वाईट वाटतं, कारण त्यामागे एखाद्याची अब्रू असते.

याहून पुढचं हवं असेल तर २०२३ मधलं ट्रूफोर हे सॉफ्टवेअर पाहा. कॅमेऱ्याने आणि नंतरच्या प्रक्रियेने सोडलेली नॉइजची, म्हणजे बारीक दाणेदारपणाची, ठेवण न्यूरल नेटवर्कने (एका प्रकारच्या एआयने) ताडून ते संशयित भागाचा नकाशा काढतं. त्या नकाशावर कुठे किती भरवसा ठेवावा, हेही वेगळ्या नकाशात दाखवतं, म्हणून ते मला आवडतं. चालवायला पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेची थोडी ओळख लागेल.

क्लोन, नॉइज आणि कॉम्प्रेशन यांपैकी निदान दोन खुणा एकाच जागी बोट दाखवत असतील, तरच मी संशय बोलून दाखवतो. प्रकरण तक्रारीपर्यंत जाणार असेल तर मूळ फाइल एडिटरमध्ये उघडून पुन्हा सेव्ह करू नका. जशी मिळाली तशीच तज्ज्ञाकडे द्या.