शूटिंगची परवानगी नेमकी कुणाची? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

लोकेशनचं काम, म्हणजे शूटिंगसाठी जागा शोधायची आणि तिथल्या परवानग्या काढायच्या, ते करताना माझी निम्मी वर्षं नगरपालिकांच्या आवक-जावक टेबलासमोर गेलीत, त्यामुळे परवानगीबद्दल प्रश्न आले की मला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही. यावेळी पाच घेतोय.

प्रश्न : वाईत घाटाजवळ राहते. वर्षातून तीन-चार वेळा आमच्या गल्लीत शूटिंग असतं, दोन-दोन दिवस गाडी काढता येत नाही. विचारलं की वॉकीटॉकीवाला पोरगा "परमिशन आहे" म्हणतो आणि पुढे जातो. आम्ही करायचं काय?

ताई, त्याला सांगा, पत्र दाखव. "आहे" म्हणणं आणि कागद हातात देणं यात फरक असतो. रस्ता नगरपालिकेचा, म्हणून ना हरकत मुख्याधिकाऱ्यांच्या सहीची हवी आणि त्यात जागा, तारीख, किती ते किती वाजेपर्यंत हे सगळं लिहिलेलं हवं. पण बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की नगरपालिकेची ना हरकत म्हणजे रस्ता बंद करायची परवानगी नव्हे! वाहतूक अडवायची किंवा वळवायची तर पोलिसांचा वेगळा कागद लागतो. तो नसेल तर तुमची गाडी अडवायचा अधिकार त्या पोराला नाही, अगदी हिरो समोर उभा असला तरी नाही.

हे मी तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. एका गावात आमची जनरेटर व्हॅन बोळाच्या तोंडाशी लावलेली, आणि आतल्या घरातल्या आजोबांना डायलिसिसला न्यायचं होतं. केबल सोडवायच्या, व्हॅन मागे घ्यायची, त्यात मागे आर्टवाल्यांचा, म्हणजे सेट उभारणाऱ्यांचा टेम्पो, एकूण बावीस मिनिटं गेली. आजोबा ओसरीवर खुर्चीत बसून होते, मांडीवर फाइल धरलेली, एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या शूटला गल्लीतल्या प्रत्येक दारावर आदल्या दिवशी चिठ्ठी जाते, त्यावर माझा नंबर असतो आणि दवाखाना, परीक्षा, लग्न, मयत काही असेल तर कळवा असं लिहिलेलं असतं. तुम्ही गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून नगरपालिकेला अर्ज द्या की ही चिठ्ठी परवानगीची अट म्हणूनच घाला, आणि अर्जाची पोच घ्या, शिक्का मारून.

प्रश्न : पुण्यात शिकतो. तिघं मित्र, एक कॅमेरा, दहा मिनिटांची शॉर्टफिल्म. शनिवारवाडा आणि बाजूच्या रस्त्यावर शूट करायचंय. महापालिकेत जाऊ का?

मित्रा, आधी जागा कुणाची ते शोध, मग ऑफिस शोध. आपल्याकडे अर्धा वेळ चुकीच्या दारात उभं राहण्यातच जातो. शनिवारवाडा शहराच्या मध्यात असला तरी तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे, रायगडही तसाच. गेटवे ऑफ इंडिया राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे, सीएसएमटी रेल्वेकडे, जंगलाचा भाग असेल तर वनखातं. वाईजवळ मेणवलीला गेलास तर नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीचा, तिथे मालकांशीच बोलायचं. बाजूचा रस्ता, बाग, मंडई हे मात्र महापालिकेचं.

फोन हातात धरून रस्त्यावर व्हिडिओ काढायला कुणी अडवत नाही, पण स्टँड लावला, लाइट लावले, येणाऱ्या-जाणाऱ्यांना "दोन मिनिटं थांबा" म्हणायला लागलात की ते चित्रीकरण झालं. त्याला अर्ज करच. शिवाय राज्यात एक खिडकी योजना आहे, गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ ती चालवतं, ऑनलाइन अर्ज होतो, तिथूनही सुरुवात करता येईल. गोव्यात करायचं ठरलं तर पणजीतली एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा गाठ.

प्रश्न : छोट्या नगरपरिषदेत नगरसेवक आहे. शूटिंगवाले यायला लागलेत. दर किती ठेवावा?

दरापेक्षा अनामत रकमेचा विचार आधी करा असं मी म्हणेन. भाडं कमी ठेवलं तरी चालेल, लोक येतील, लॉजवाल्यांना, टेम्पोवाल्यांना, जेवण देणाऱ्या बायकांना कामं मिळतील. पण अनामत अशी हवी की सोडून जायची हिंमत होऊ नये, आणि ती परत करायची ती पंचनामा झाल्यावरच.

पंचनामा म्हणजे नुसती सही नाही हो. आदल्या दिवशी बांधकाम विभागाचा माणूस आणि आमच्यासारखा लोकेशनवाला दोघांनी मिळून जागेचे फोटो काढायचे, पायऱ्या, कठडे, गटाराची झाकणं, दिव्याचे खांब, आणि पॅकअपनंतर तेच फोटो त्याच कोनातून पुन्हा. मी घाटाच्या काळ्या दगडात ठोकलेले खिळे बघितलेत, सेटची खोटी कमान उभी करायला दगडाच्या सांध्यात घातलेले, खिळा उपटला की सोबत टवका निघतो आणि तो टवका पुन्हा बसत नाही. ऑइलपेंट पुसला जातो म्हणतात, पण तो दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतो आणि मग पुढची दहा वर्षं तिथे हिरवट डाग दिसत राहतो. म्हणून अटीत स्पष्ट लिहा, खिळा नाही, ड्रिल नाही, दगडावर थेट रंग नाही, कमान उभी करायची तर ती स्वतःच्या वजनावर उभी राहिली पाहिजे. आर्टवाल्यांना जमतं ते, मी करून घेतलंय.

दर काय ठेवायचा तो सर्वसाधारण सभेत ठराव करून ठेवा, म्हणजे कुणाची ओळख किती त्यावर रक्कम ठरणार नाही. विद्यार्थ्यांचा वेगळा, मालिका-सिनेमा-जाहिरातीचा वेगळा. आणि जमा झालेली रक्कम त्याच घाटाच्या डागडुजीला कशी वापरता येईल हे त्याच सभेत बोला, कारण गल्लीतल्या लोकांना तेवढं दिसलं तरी त्यांचा निम्मा राग जातो.

प्रश्न : नगरपालिकेची परवानगी आहे, मग ड्रोन उडवू ना?

नाही! आकाश नगरपालिकेचं नाही. ड्रोन नियम 2021 चे आहेत, डिजिटल स्काय या सरकारच्या ऑनलाइन नकाशावर आधी तुमची जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा. रेड झोनमध्ये केंद्राच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, सिनेमाचा कॅमेरा उचलणारा ड्रोन त्यापेक्षा कितीतरी जड असतो. शिवाय त्या दिवशी पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा, मुंबईत असे आदेश निघत असतात.

प्रश्न : रात्री अकराला आमच्या सोसायटीखाली गाण्याचं शूटिंग, स्पीकर लावून. परवानगीत रात्र लिहिली होती म्हणे.

जागा वापरायची परवानगी रात्रीची असू शकते, स्पीकरची नाही. ध्वनिप्रदूषणाचे 2000 चे नियम सगळ्यांना सारखे, रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद, आणि राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल. नाचणाऱ्यांना ताल हवाच असतो हे मी समजतो, पण कानात इअरपीस घालून रात्रीची गाणी करता येतात, थोडा खर्च वाढतो इतकंच. तेव्हा आधी सेटवरच्या लोकेशन मॅनेजरला गाठा, लाइटवाल्यांना विचारलंत तर ते दाखवतील, आणि ऐकलं नाही तर सरळ 112 ला फोन लावा. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत लेखी तक्रार द्या, तारीख-वेळ घालून, म्हणजे त्याच कंपनीचा पुढचा अर्ज आला की लिपिकाच्या फाइलीत तुमचा कागद आधीच लावलेला असेल.