पंखा फिरतो, एवढ्यावरून काय कळतं

चिपळूण
आषाढ, रविवार

अनेक आशीर्वाद.

"घरचा डेस्कटॉप चालू होत नाही, एसएमपीएस आणि मदरबोर्ड दोन्ही मागवू का?" एवढंच तू मेसेजमध्ये विचारलंस. (एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, आणि मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जिथे जोडतात तो मुख्य बोर्ड. पुढे त्याला नुसतं बोर्ड म्हणतो.) दोन ओळींत उत्तर देता आलं असतं, पण तू ही विद्या शिकायला निघाली आहेस म्हणून सविस्तर लिहितोय. आधी एक कर, काहीही मागवू नकोस.

"चालू होत नाही" हे गिऱ्हाइकाचं वाक्य आहे, आणि त्याने तेवढंच सांगावं. तुझ्या तोंडी ते पुरेसं नाही. बटण दाबल्यावर काहीच होत नाही, पंखा क्षणभर फिरून थांबतो, पंखा फिरत राहतो पण स्क्रीन काळी, कंपनीचा लोगो येऊन गाडी अडते, विंडोज उघडता उघडता निळी स्क्रीन येते. हे वेगवेगळे आजार आहेत, आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. मशीन कुठपर्यंत जाऊन थांबतं, हे आधी बघायचं. फोनवर खोदून विचारलं तेव्हा तू सांगितलंस, दिवा लागतो, पंखे फिरतात, मॉनिटरवर मात्र काही नाही, आणि आठवडाभर घर बंद होतं. हे सगळं तू पहिल्याच वाक्यात सांगायला हवं होतंस. निम्मं निदान त्यातच आहे.

पंखा फिरताना दिसला की आपल्याला वाटतं मशीन सुरू झालं. तसं नसतं. पंखा एसएमपीएसच्या १२ व्होल्टवर चालतो, त्याला प्रोसेसरची गरज नाही. बटण दाबल्यावर बोर्ड हिरव्या वायरीतून एसएमपीएसला जागं करतो. सगळे व्होल्टेज स्थिर झाले की अर्ध्या सेकंदाच्या आत राखाडी वायरीवर "आता ठीक आहे" असा संकेत येतो. तोवर प्रोसेसर रोखून धरलेला असतो. मग तो बायोस, म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला सुरुवातीचा प्रोग्रॅम, वाचायला घेतो, रॅम, म्हणजे चालू कामापुरती स्मृती, तपासतो, ग्राफिक्स, म्हणजे चित्र तयार करणारा भाग, शोधतो, आणि त्यानंतर कुठे स्क्रीनवर पहिलं अक्षर उमटतं. तुझं मशीन पंखा आणि पहिलं अक्षर यांच्या मधे अडलंय. एसएमपीएस निर्दोष आहे असं यातून सिद्ध होत नाही, पण पहिला संशय त्याच्यावर घ्यायचं कारणही नाही.

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघ. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डाला हवी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असतो त्यात ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआयला केबल लावून जन्मभर बसलं तरी चित्र येणार नाही. साफसफाई करताना कुणी केबल काढून भलतीकडे लावली, असं मी अनेक घरांत पाहिलंय.

आता रॅम. आपल्याकडच्या पावसात बंद घरात आठवडाभर मशीन पडून राहिलं आणि नंतर डिस्प्ले आला नाही, तर मी सर्वांत आधी रॅमकडेच जातो. कोकणातली हवा दमट, वर खारी. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर आणि स्लॉटमध्ये पातळ थर धरतो आणि संपर्क तुटतो. प्लग काढ, बटण पाच-दहा सेकंद दाबून धर म्हणजे उरलीसुरली वीज उतरेल, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लाव, मग रॅम काढ. पांढऱ्या मऊ खोडरबराने पट्ट्या हलकेच, बाहेरच्या दिशेने पूस. रबराची भुकटी स्लॉटमध्ये पडली तर नवीन दुखणं, म्हणून पुसायचं काम बोर्डापासून लांब कर. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने एक हात फिरव. स्लॉटमध्ये फुंकर मारू नकोस. तोंडातून हवेबरोबर थुंकीचे बारीक थेंबही जातात.

दोन रॅम असतील तर एकच लाव. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच रॅम असेल तर ती साधारणपणे प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये जाते, तरी बोर्डाचं मॅन्युअल बघ. दोन्ही बाजूंनी कट्ट असा आवाज येईपर्यंत दाब. सुरू झालं नाही तर दुसरी रॅम, मग दुसरा स्लॉट. एका वेळी एकच बदल करायचा, आणि प्रत्येक बदल वहीत लिहायचा. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुरू झालं, तर कशामुळे झालं हे तुला कधीच कळणार नाही, आणि महिन्याने तेच दुखणं परत आलं की तू पुन्हा पहिल्या पायरीवर. एक खबरदारी: बोर्ड डीडीआर५ चा, म्हणजे नव्या पिढीच्या रॅमचा, असेल तर रॅम हलवल्यावर पहिल्यांदा तो काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवत बसू शकतो. तो रॅमशी जुळवून घेत असतो. घाई करून बंद करू नकोस.

माझी एक आवडती चाचणी सांगतो. सगळी रॅम काढ आणि मशीन सुरू कर. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल आणि त्यातून बीप आले, तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत. मदरबोर्ड मागवायचा विचार तूर्त सोड. हा स्पीकर अगदी स्वस्तात मिळतो आणि तो कुठल्याही महागड्या हत्यारापेक्षा जास्त बोलतो. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), रॅम, व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं). जो पेटून राहतो, तिथे मशीन थांबलंय.

एवढ्यानेही काही झालं नाही, तर सगळं उतरव. हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, पुढचे यूएसबी, सगळं. फक्त बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम. प्रोसेसरजवळची चार किंवा आठ पिनांची वेगळी पॉवर केबल बसली आहे ना, ते बघ. ती सैल असली तर पंखे फिरतात आणि डिस्प्ले येत नाही, अगदी तुझ्यासारखंच. ग्राफिक्स कार्ड काढल्यावर बोर्डाचा डिस्प्ले वापरायचा तर प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स हवं, हे विसरू नकोस.

काहीच हालचाल नसलेलं मशीन पुढे तुझ्या हाती येईलच, म्हणून थोडक्यात लिहितो. भिंतीतला स्विचबोर्ड, यूपीएस, केबल, एसएमपीएसच्या मागचं बटण, या क्रमाने जा. घरगुती यूपीएसची बॅटरी उतरली की पुष्कळ मशीन बिनकारण बदनाम होतात. मग २४ पिनांच्या प्लगमधल्या जांभळ्या वायरीवर मीटर लाव. मशीन बंद असतानाही तिथे ५ व्होल्ट हवेत. ते असतील तर कॅबिनेटचं बटण बाजूला ठेव आणि बोर्डावरच्या पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर टेकव. मशीन सुरू झालं तर दोष बटणात. एसएमपीएस सुटा तपासताना हिरवी वायर काळीला जोडतात, ती रीतही तू शिकशील. पण तसा फिरलेला पंखा भार नसतानाचा असतो. खरं रीडिंग बोर्ड जोडून घ्यायचं: १२ ची लाइन ११.४ ते १२.६ च्या आत हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५. काही ब्रँडेड ऑफिस मशीनचे प्लग आणि रंग वेगळे असतात, तिथे ही रीत लावू नकोस.

आणि एसएमपीएसचा डबा उघडायचा नाही. आपले २३० व्होल्ट आत गेल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशेच्या आसपास डीसी होऊन बसतात, आणि प्लग काढल्यावरही तिथे वीज राहू शकते. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून बघून घे. तीन पिनांचा प्लग दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसलो, ते. माझ्या सुरुवातीच्या काळात एक मशीन आलं. बोर्डावरचा, घड्याळ आणि सेटिंग सांभाळणारा सीआर २०३२ सेल संपलेला, घड्याळ मागे गेलेलं. सेल बदलला. विंडोज ७ उघडता उघडता निळी स्क्रीन. मी ठरवलं, विंडोज खराब झालंय. सगळी पार्टिशन्स, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, काढली, नवीन विंडोज टाकलं, मशीन धावायला लागलं. मालक आले आणि त्यांनी पहिलं विचारलं, नमनाचे व्हिडिओ कुठायत? गावच्या नमनाचं, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्याचं, अकरा वर्षांचं चित्रण त्या डिस्कवर होतं. दुसरी प्रत नव्हती. कारण फार नंतर समजलं. सेल संपल्यामुळे बायोसची सेटिंग मूळपदावर गेली होती आणि डिस्कचा मोड, म्हणजे बोर्डाची डिस्कशी बोलायची रीत, एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर आला होता. एक ओळ बदलली असती तर सगळं जसंच्या तसं उघडलं असतं. ते गृहस्थ मला रागावले नाहीत. खुर्चीवर बराच वेळ बसून राहिले आणि गेले.

म्हणून डिस्कला हात लावण्याआधी विचार, यात काय आहे आणि दुसरी प्रत कुठे आहे. नसेल तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोड आणि आधी प्रत घे. आवाज टक् टक् असा येत असेल तर जोडूही नकोस, ते काम डेटा रिकव्हरीवाल्यांचं. नव्या मशीनांवर बायोसला हात लावल्यावर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, ४८ अंकी किल्ली मागू शकतो. ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, सुरुवातीलाच विचारून ठेव. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर इथे माझ्याकडे चिखलाने भरलेली कॅबिनेटं रांगेने आली. ज्यांनी "बघू तरी" म्हणून बटण दाबलं होतं, त्यांचे बोर्ड जळाले. ज्यांनी तसंच आणून दिलं, त्यातले काही धुऊन, सेल काढून, कित्येक दिवस वाळवून पुन्हा चालले. डिस्का मात्र मी एकही सुरू करून पाहिली नाही.

तुझ्या डिस्कवर ताईच्या प्रोजेक्टच्या फायली आहेत, असं तू म्हणालीस. म्हणजे सगळं उतरवशील तेव्हा ती डिस्क कापडात गुंडाळून कपाटात ठेव, आणि डिस्प्ले येऊन दोनदा नीट बंद-चालू होईपर्यंत परत जोडू नकोस.

मंगळवारी संध्याकाळी सातनंतर मी मोकळा आहे. वही जवळ घेऊन फोन कर. कुठली रॅम कुठल्या स्लॉटला लावलीस आणि किती बीप आले, तिथून सुरू करू.