‘रिडॅक्टेड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: अमेरिकेत सरकारी पैशांवर चालणाऱ्या प्राणीप्रयोगांबद्दलचा लेख मराठीत आणताना ‘रिडॅक्टेड’ (कागद देण्याआधी त्यातला मजकूर दिसेनासा केलेला) या शब्दापाशी गाडी अडली आहे. ‘संपादित’ चालेल का? की ‘वगळलेला’?

नाही चालणार. संपादन वाचकाच्या सोयीसाठी करतात, हे वाचकापासून लपवण्यासाठी. ‘खोडलेला’ही नको. आपण खोडतो ती चूक. इथला मजकूर अगदी बरोबर असतो, म्हणून तर झाकायचा!

लेखातला प्रसंग आठवा. तिथलं कृषी खातं प्रयोगशाळांची तपासणी करून अहवाल संकेतस्थळावर टाकायचं. 3 फेब्रुवारी 2017 ला त्यानं असे हजारो कागद तिथून काढून घेतले. हे का केलं, म्हणून एका मासिकानं माहितीच्या कायद्याखाली कागद मागितले, तर 1,771 पानं हाती आली. सगळीच्या सगळी काळी. पुढे डिसेंबर 2019 मध्ये कायदा झाला आणि त्यात हाच शब्द बसला. ते कलम मी असं लिहीन: ‘सह्या सोडून कुठलाही मजकूर न झाकता अहवाल संपूर्ण प्रसिद्ध करावेत.’ म्हणजे कायद्याच्या वाक्यात ‘झाकलेला’, आणि हकिगत सांगताना खुशाल ‘काळ्या पट्ट्या मारलेला’. ‘काळं फासलेला’ मात्र टाळा. काळं तोंडाला फासतात; वाचकाला कागदाआधी अधिकारी दिसेल.

‘हरताळ फासणे’चा मोह मलाही झाला. हा हरताळ बंदचा नव्हे. बंदचा हरताळ गुजरातीतून आला, मुळात हाटाला लागलेलं टाळं. फासायचा हरताळ म्हणजे संस्कृत हरिताल, पिवळाजर्द खनिज रंग. पोथीत अक्षर चुकलं की लेखनिक त्यावर हा रंग फिरवायचे. जुन्या पोथीच्या काळ्या ओळीत मध्येच पिवळा ठिपका दिसतो तो हाच. झाकण्याची क्रिया हुबेहूब तीच, पण आज ‘नियमांना हरताळ फासला’ म्हटलं की नियम मोडले एवढंच कळतं. वाक्प्रचार हातचा गेला.

‘वगळलेला’ हा शब्दही तुम्ही सुचवला आहे. तो इथे नको, पण टाकूनही देऊ नका. झाकलेल्या मजकुराचं माप तरी दिसतं: दोन शब्द गेले की दोन परिच्छेद, पट्टीच सांगते. वगळलेल्याचा मागमूस राहत नाही. तुमच्याच लेखात पुढे हे लागेल. अमेरिकेच्या प्राणीकल्याण कायद्यातल्या ‘प्राणी’च्या व्याख्येत प्रयोगांसाठी पैदास केलेले छोटे उंदीर (माउस), मोठे उंदीर (रॅट) आणि पक्षी बसतच नाहीत. त्यामुळे प्रयोगांत वापरलेल्या प्राण्यांच्या कृषी खात्याच्या वार्षिक आकड्यांत ते नसतात, आणि त्यांच्या जागी काळी पट्टीही नसते. तिथे लिहा ‘वगळलेले’.